दार नीट लागले आहे काय?

मोटारीचे दार उघडले की आतील दिवा लागतो. दार पूर्ण न लावता गाडी सुरू केली, तर समोरच्या फलकावर लाल खूण उमटते आणि पुष्कळ गाड्यांत घंटीही वाजते. ही योजना केवळ सोयीची नाही. धावत्या गाडीचे दार उघडले, तर आतील माणसाच्या जिवावर बेतते. तथापि सर्व दारे लावूनही घंटी वाजत राहिली, की त्रासून तिची तार तोडण्याचा मार्ग अनेकदा पत्करला जातो. तो घातक होय. रुग्णवाहिका असो, पंचायत समितीची जीप असो वा शाळेची गाडी असो, घंटी वाजण्यामागे दोनच शक्यता असतात. एक तर दार खरोखर लागलेले नसते. नाहीतर ते लागल्याची वर्दी पोचत नसते. यांपैकी कोणती खरी, हे ठरविल्यावाचून हत्यार हाती घेऊ नये.

योजनेचे स्वरूप

घराच्या दारावरील घंटीचे बटण दाबले की वीज वाहते. मोटारीच्या दाराचा स्विच याच्या उलट असतो. दार लागले की तो दाबला जाऊन प्रवाह तुटतो. दार उघडले की प्रवाह पूर्ण होऊन दिवा लागतो. शिक्षकांना विद्युतमंडलाच्या पाठात हे उदाहरण सहज देता येईल. जुन्या धाटणीच्या गाड्यांत हा स्विच दाराच्या खांबावर, बाहेर डोकावणाऱ्या खुंटीसारखा दिसतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत तो दाराच्या लॉकमध्येच बसविलेला असून, त्याची वर्दी इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे जाते.

प्रथम दार तपासावे

दाराचे लॉक दोन टप्प्यांत बसते. पहिल्या टप्प्यावर दार लागल्यासारखे दिसते, परंतु त्याची कड शेजारच्या पत्र्याच्या पातळीत येत नाही. मध्ये पायपुसणे अथवा सीटबेल्टचा पट्टा अडकला आहे काय, ते पाहावे. दार अर्धे उघडून त्याचे टोक उचलून पाहावे; ते वरखाली हलत असेल, तर बिजागरी झिजली आहे असे समजावे. लॉकमध्ये धूळ व सुकलेले ग्रीस साचले असल्यास ते साफ करून नवे वंगण द्यावे. मागील दाराकडे दुर्लक्ष होते, तेही तपासावे.

मग स्विच व तार

आतील दिव्याची कळ 'दार' या स्थितीत ठेवावी. सर्व दारे लावून एकेक दार बाहेरून दाबावे. ज्या दाराशी दिवा विझेल, तेथे दोष आहे. खांबावरील स्विच असल्यास दार उघडून खुंटी बोटाने दाबावी. इतर दारे बंद असूनही दिवा विझला नाही, तर स्विचची तार काढून तिचे टोक कशालाही लागू देऊ नये. आता दिवा विझल्यास स्विच बदलावा. न विझल्यास तार वाटेत कोठेतरी पत्र्याला लागली असण्याचा संभव असतो. स्विच लॉकमध्ये असल्यास, उघड्या दाराच्या लॉकचा आकडा पेचकसाने दोन टप्पे फिरवून पाहावा. त्यानंतर दाराची मूठ ओढून आकडा मोकळा केल्याशिवाय दार आपटू नये. अन्यथा लॉक मोडेल. बिजागरीजवळच्या रबरी नळीत तारा वारंवार वाकून तुटतात, हेही ध्यानात ठेवावे.

दिवा मुळीच लागत नसेल, तर कळ, बल्ब आणि फ्यूज या क्रमाने पाहावे. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घालावा. पिवळ्या आवरणाच्या तारांना हात लावू नये. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात.

प्रत्येक घंटी दाराचीच असते असे नाही. सीटबेल्ट, चालू राहिलेले दिवे वा गाडीत राहिलेली किल्ली यांसाठीही ती वाजते. १ जुलै २०१९ पासून उत्पादित प्रवासी मोटारींत ताशी ८० किलोमीटरच्या पुढे वेगाची सूचना मिळते. फलकावरील खूण पाहून भेद करावा.

बॅटरीचा हिशेब

१० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे ०.८ अँपिअर प्रवाह घेतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शुक्रवारी सायंकाळी ६ वाजता उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी १० पर्यंत ६४ तास उभी राहते. तेवढ्या वेळात असा दिवा ५० अँपिअर-तासांहून अधिक वीज खाऊ शकतो; लहान मोटारीची बॅटरी बहुधा ३५ ची असते. रुग्णवाहिकेच्या बाबतीत हा हिशेब रुग्णाच्या वेळेशी जाऊन भिडतो.

म्हणून चालकाने असा दोष त्याच दिवशी वाहनाच्या नोंदवहीत लिहावा व अधिकाऱ्याने तो दूर करवून घ्यावा. दुरुस्तीनंतर प्रत्येक दार स्वतंत्रपणे उघडून दिवा, खूण व घंटी तपासावी. दार उघडताच सूचना मिळाली आणि लावताच थांबली, तरच काम पूर्ण झाले असे मानावे. केवळ घंटी बंद झाली म्हणजे दोष गेला, असे नव्हे.