जेवण वाढ, बोलणी नको

अगं, काल फोनवर तुझा आवाज भरून आला आणि मला माझीच दहा वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली. ‘ताई, पोरगं घरात काही खातच नाही. डबा तसाच परत येतो. आणि परवा संध्याकाळी शंभर फुटी रस्त्यावर मित्रांबरोबर मंचुरियन खाताना सापडलं,’ म्हणालीस. सापडलं! जसं काही कुणाच्या घरात शिरलं होतं. मी त्या शब्दापाशीच अडले बघ.

राग मानू नकोस, थोरली म्हणून हक्कानं सांगते. पोरगं खात नाही असं नाही. ते तुझ्यासमोर खात नाही. हा फरक समजायला मला एक वर्ष आणि पोरीची तब्येत, दोन्ही घालवावं लागलं.

आमची थोरली तेव्हा अकरावीला होती. तुला तर सांगलीतलं विश्रामबाग माहीत आहेच आता, दर चार घरांमागे एक क्लास. सकाळी सव्वासहाला पहिली बॅच, तिथून कॉलेज, दुपारी परत क्लास. सगळे एकत्र बसायचो ते रात्री नऊला, आणि मी दिवसभराचा हिशेब नेमका त्याच वेळी मांडायचे. तिनं भाकरीचा पहिला तुकडा मोडला की माझं सुरू, ‘टेस्टला किती पडले?’ आमटी वाढताना शेजारच्यांच्या मुलीचे मार्क. ताक ओतताना मोबाईल. पोरगी जेवण कमी आणि बोलणी जास्त खायची. त्यात एकदा घरी पाहुणे असताना ती दुसऱ्यांदा भात घ्यायला लागली आणि मी थट्टेत म्हणून गेले, ‘बास की आता, अंगानं सुटायला लागलीस.’ सगळे हसले. तीही हसली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं भात सोडला. मग रात्रीचं जेवणच. ‘क्लासला खाल्लं’ एवढंच उत्तर. तिथं काय खायची, तर एक कटिंग चहा आणि दोन खारी. डबा मात्र रोज लख्ख रिकामा यायचा, मी खूष! चार महिन्यांनी गल्लीतली तीन कुत्री तिच्या सायकलमागून थेट आमच्या फाटकापर्यंत यायला लागली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या हातच्या पोळ्या कोण खात होतं ते.

त्याच महिन्यात स्टेशनाकडून घरी येताना ती रस्त्याच्या कडेला चक्कर येऊन बसली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.२. त्या वयाच्या मुलीला निदान १२ हवं. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवून तिच्याशी अर्धा तास बोलून घेतलं आणि मग आत बोलावून एकच विचारलं, ‘तिच्या अंगावरून घरात कोण बोलतं?’ मी खाली बघितलं. अजून आठवलं की कान तापतात माझे.

आणि ही काही आमच्याच घरची तऱ्हा नाही बरं का. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींचं रक्त कमी निघालं, आणि ३१ टक्के मुलांचंही. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला दिवसाला ३२ मिलिग्रॅम लोह लागतं, तिच्या बापाला १९ पुरतं. पण घरात मऊ पोळी, घट्ट आमटी, चांगला वाटा कुणाच्या ताटात जातो? जाऊ दे, तो विषय काढला तर आज फोन ठेवणार नाही मी.

लोहासाठी बाजारातले महागडे डबे आणू नकोस. आपल्याकडे हुलगे आहेत, मटकी आहे, बाजरी आहे, थंडीत अळिवाचा लाडू आहे. त्यावर लिंबू पिळायचं, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा द्यायचा नाही, आधी-नंतर तासाभराचं अंतर ठेवायचं, कारण चहा लोह अडवतो. तासगावच्या बेदाण्यांची बरणी ओट्यावर हाताशी ठेव, पण बेदाण्यांनीच रक्त भरेल अशा भरवशावर राहू नकोस. आणि डॉक्टरांनी गोळी दिली तर गोळीच द्यायची, तिथं गूळ-शेंगदाण्याचा हट्ट नको.

आता तुझ्या लेकाचं. सोळाचा आहे ना? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली आकडे काढलेत, त्यात सोळा ते अठराच्या मुलाला दिवसाला ३३२० कॅलरी सांगितल्यात. खुर्चीत बसून काम करणाऱ्या पुरुषाला २११०. म्हणजे तुझा नवरा ‘किती गिळतोस रे’ म्हणतो ना, त्याला सांग, पोराला तुझ्या दीडपट लागतं, आणि ते फुकट जात नाही. ऐन वाढीच्या वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटिमीटर उंच होतो. मागच्या दिवाळीची पँट बघ की कुठवर आली ते.

आणि सकाळी सहाला त्याच्या तोंडात पोहे कोंबणं बंद कर. ह्या वयात झोपेचं घड्याळच तास-दोन तास पुढं सरकतं. रात्री झोप येत नाही, सकाळी भूक लागत नाही. तो नखरा नव्हे, अंगाचं वेळापत्रक आहे. एक केळं आणि पेलाभर दूध पोटात गेलं तरी त्या वेळेला पुष्कळ झालं. त्याची खरी भूक संध्याकाळी पाचला असते, आणि पाचला आपल्या ओट्यावर काय असतं? पुसून काढलेला ओटा. मग तो गाड्यावर जाईल नाही तर कुठं जाईल? शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत असलं तेलकट, खारट, गोडाचं विकू नये असा नियम २०२०मध्ये झाला. चांगला नियम आहे. पण एक्कावन्नाव्या मीटरपर्यंत चालायला पोराला मिनिटही लागत नाही.

म्हणून मी पाचचा ओटा भरायला लागले. सकाळचीच मटकीची उसळ, तिच्यावर भडंग, बारीक कांदा, लिंबू. उकडलेली अंडी. थालिपिठाचं पीठ मळून फ्रीजमध्ये, तवा गॅसवर. ‘खा’ म्हणायचं नाही. नुसतं ठेवायचं आणि आपण दुसऱ्या खोलीत जायचं. पहिले आठ दिवस तसंच पडून राहिलं, मला रडू यायचं. नवव्या दिवशी वाटी धुऊन पालथी घातलेली दिसली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर दहाव्या दिवशी परत कुत्र्यांची चंगळ झाली असती.

मित्रांवर रागावू नकोस गं. ह्या वयाचं पोर एकट्यानं जेवत नाही, त्याला पंगत लागते. आपल्या साताऱ्याचंच बघ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथं वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसवली. पैसा नसायचा, पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रसुद्धा. परक्याच्या वाढत्या पोरांसाठी! आपल्याला तर पोराच्या चार मित्रांना महिन्यातून एकदा घरी बोलवायचं असतं, तेवढंही जड जातं. बोलाव त्यांना. वांग्याचं भरीत नको म्हणतील, पावभाजी कर, भाजीत भोपळा आणि दुधी किसून घाल, आणि नंतर ‘कसं फसवलं’ म्हणून सांगू नकोस. महिन्यातनं दोनदा मंचुरियन खाल्लं तर खाऊ दे.

एवढं मात्र डोळ्यात तेल घालून बघ. वजन उतरत चाललंय, जेवणानंतर लगेच बाथरूमचं दार लागतंय, मुलीची पाळी दोन-तीन महिने चुकतेय, किंवा पोर सारखं आरशापुढं पोट ओढून उभं राहतंय, तर वाट बघायची नाही. ते लाडाकोडाचं दुखणं नव्हे. डॉक्टरांकडं जायचं. मनाचं बोलायला १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, मराठीतही बोलतात.

थोरलीचं रक्त भरायला सात महिने लागले. ते एक ‘सुटायला लागलीस’ विसरायला किती लागले, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. परवा पुण्याहून आली तेव्हा स्वतःहून दुसऱ्यांदा भात घेतला. मी पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्तानं आत गेले.

रविवारी संध्याकाळी लेकाला घेऊन ये. धपाटे करते, दह्याचं भांडं मोठं लावते. मार्कांचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस. आणि हे बघ, माझ्याकडे बसल्यावर तो किती धपाटे खातो ते मोजू नकोस.