अन्नाचा प्रवास आणि एका मजुराचे जठर

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात पचनसंस्थेची आकृती असते. तोंड, अन्ननलिका, जठर, आतडी अशी नावे बाणांपुढे लिहिली की परीक्षेपुरता धडा संपतो. काही वर्षांपूर्वी विज्ञानाचे सहकारी रजेवर असताना हा तास आमच्याकडे आला. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. त्यामुळे खडू हाती घेताच मनात आले की, जिवंत माणसाच्या जठरात काय चालते हे मुळात कळले कसे? आणि ज्या देहातून ते कळले, तो देह कोणाचा होता? त्या दिवशी मुलांना जे सांगितले, तेच येथे थोडे विस्ताराने मांडत आहोत.

६ जून १८२२. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेजवळील मॅकिनॉ बेटावर, जनावरांच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात एकाच्या हातून चुकून बंदूक उडाली आणि जवळच उभे असलेले अलेक्सी सेंट मार्टिन कोसळले. ते मालाच्या होड्या वल्हवणारे, फ्रेंच बोलणारे कॅनेडियन मजूर होते. वय विशीच्या आसपास. बरगड्या फुटल्या, फुप्फुसाला इजा झाली, जठराला भोक पडले. बेटावरील लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांना ते जगतील असे वाटले नव्हते. पण ते जगले. जखम भरली, भोक मात्र बुजले नाही. जठराच्या कडा कातडीला चिकटून डाव्या छातीखाली कायमची एक खिडकी राहिली. प्रारंभी खाल्लेले अन्न तीतून बाहेर येई. पुढे जठराच्या अस्तराची घडी पडद्यासारखी तिच्यावर आली; बोटाने ती सारली की आतले दिसे.

(डॉक्टरांना ‘अहो’ आणि मजुराला ‘अरे’ ही आपल्या लेखणीची जुनी सवय. येथे दोघांचाही उल्लेख आदरार्थी केला आहे.)

त्या खिडकीपर्यंत घास कसा पोहोचतो, ते आधी पाहू. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा घाई न करता चावत राहिले, तर तो गोडसर लागू लागतो. लाळेतील अमायलेज नावाचे विकर पिठूळ पदार्थाचे साखरेत रूपांतर करू लागते, त्याची ही खूण होय. गिळताना श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडते आणि घास सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेत शिरतो. तेथून तो नुसता खाली पडत नाही, तर स्नायूंच्या आकुंचनाची लाट त्याला पुढे ढकलते. म्हणूनच आडवे पडून गिळलेला घासही जठरात जातो.

जठरात पुढे काय होते, याविषयी त्या काळी मतभेद होते. कोणी म्हणत, जठर अन्न जात्यासारखे दळते. कोणी म्हणत, अन्न आत आंबते. १ ऑगस्ट १८२५ रोजी बोमाँट यांनी मांसाचे निरनिराळे तुकडे, शिळा पाव आणि कच्चा कोबी रेशमी दोऱ्याला बांधून खिडकीतून आत सोडले व तासातासाने ओढून पाहिले. पुढे त्यांनी जठररस नळीने बाहेर काढून कुपीत घेतला, तो शरीराइतका उबदार ठेवला आणि त्यात शिजवलेले मांस टाकले. तेही विरघळले, जठरात सुमारे दोन तास लागले, तर कुपीत नऊ-दहा. म्हणजे जठराबाहेर, दळणाऱ्या स्नायूंवाचूनही, तो रस आपले काम करीत होता. पचन ही रासायनिक क्रिया आहे, हे डोळ्यांसमोर सिद्ध झाले. त्या रसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, आणि प्रथिनांचे तुकडे करणारे पेप्सिनही असते. पेप्सिनचा शोध १८३६ मध्ये थिओडोर श्वान यांनी लावला. बोमाँट यांना आणखी दोन गोष्टी दिसल्या. अन्न जितके बारीक, तितके लवकर पचते. आणि माणूस रागावला वा घाबरला की जठराचे अस्तर कधी लाल व कोरडे, तर कधी फिकट व ओलसर होते. जेवताना मुलांवर ओरडू नये, असे आम्ही पालकसभेत सांगतो ते केवळ शिष्टाचार म्हणून नव्हे.

खिडकीतून दिसले ते मात्र एवढेच. पचनाचे मुख्य काम तिच्या पलीकडे, सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात चालते. जठरातून आलेल्या आंबट लगद्यात तेथे यकृताचा पित्तरस आणि स्वादुपिंडाचा रस मिसळतो. पित्तरस स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करतो. स्वादुपिंडाच्या रसातील विकरे पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ या तिन्हींवर काम करतात. आतड्याच्या आतील बाजूस असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. त्यांच्यामुळे शोषणाचे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढते आणि पचलेले अन्न रक्तात उतरते. सुमारे दीड मीटरचे मोठे आतडे उरलेले पाणी शोषून घेते व बाकीचा चोथा बाहेर टाकते.

हे शिकवून झाल्यावर मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, त्या मजुराला काय मिळाले?” तास संपत आला होता, तरी आम्ही उत्तर दिले; कारण प्रश्न आमच्याच विषयाचा होता.

बोमाँट यांनी सेंट मार्टिन यांचे प्राण वाचवले आणि सरकारी मदत आटल्यावर त्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतले, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याच घरात ते लाकडे फोडत, पडेल ते काम करत आणि बोलावणे आले की पोट उघडे करून आडवे होत. १८३२ मध्ये करार झाला: एक वर्षासाठी जेवणखाण, राहणे आणि १५० डॉलर. त्याखाली सेंट मार्टिन यांची सही नाही. निरक्षर असल्याने त्यांनी फुलीची खूण केली. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला होता, तशीच ती खूण. १८३३ मध्ये बोमाँट यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यांची कीर्ती युरोपपर्यंत गेली. त्यानंतर १८३४ मध्ये सेंट मार्टिन कॅनडाला गेले ते परतलेच नाहीत. डॉक्टरांनी पत्रांवर पत्रे पाठवली, पैसे देऊ केले. ते आले नाहीत.

बोमाँट १८५३ मध्ये वारले. सेंट मार्टिन त्यानंतर सत्तावीस वर्षे जगले, पोटातील खिडकीसह. जून १८८० मध्ये ते गेले, तेव्हा वैद्यकीय जगाला त्यांचे जठर संग्रहालयासाठी हवे होते. कुटुंबाने ऐन उन्हाळ्यात पार्थिव कुजेपर्यंत घरीच ठेवले आणि मग आठ फूट खोल खड्ड्यात पुरले.