एकाच भाकरीचे भागीदार
(उपदेशक व खेड्यांतील मंडळ्या यांच्याकरिता पाठ)

वाचावयाचा भाग : प्रेषितांची कृत्ये २:४१-४७, गलतीकरांस पत्र २:११-१४.

आरंभीच्या मंडळीचा छळ झाला हे आम्ही सर्व जाणतो. परंतु तिची अत्यंत कठीण कसोटी तुरुंगात नव्हे, तर पंगतीत लागली, हे आजच्या पाठात पाहावयाचे आहे.

१. अंत्युखियाची पंगत. पेत्र हा परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून काही माणसे येताच तो भिऊन मागे सरला, आणि बर्णबासारखा भला मनुष्यही त्याच्यामागे वाहवला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राचा निषेध केला. का बरे? पंगत मोडली म्हणजे सुवार्ताच मोडते, हे त्याने ओळखले.

२. नगरची पंगत. डिसेंबर १८३१ मध्ये ग्रेव्ह्ज, रीड व हर्वे हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरास आले. त्यांच्यासंगे ब्राह्मण कुळातील बाबाजी रघुनाथ हे होते. पुढल्याच वर्षी हर्वेसाहेब पटकीने वारले. १८३३ साली नगरास मंडळी स्थापन झाली, तीत आश्रयगृहातील दीनदुबळेही होते. बाबाजी त्या मंडळीचे वडील झाले आणि त्याच वर्षी पटकीनेच प्रभूकडे गेले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानण्यास लोक शिकले होते, त्यांच्या हातची भाकर व प्याला घेणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

३. किंमत कोणी कशी दिली. हरि व नारायण रामचंद्र खिस्ती या ब्राह्मण बंधूंचा १८३९ साली बाप्तिस्मा झाला. अशांस घरदार, वतन व आप्त यांस मुकण्याचे भय असे. धर्म सोडल्यामुळे वारसाहक्क जाऊ नये असा कायदा १८५० साली झाला खरा. परंतु कायदा जमीन देववील, आईच्या चुलीजवळची जागा कोठून देववील? महारवाड्यातील बांधवांचे संकट निराळे. गावचे बलुते हाच त्यांचा दाणा. देवस्थानाच्या चालीशी जोडलेले काम नाकारले की बलुत्यावरच गदा. एकाने मान सोडला, दुसऱ्याने पोटाची भाकर पणास लावली. दोघे एकाच मेजाशी आले. पुढे १८५४ साली हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस पाळकाची दीक्षा मिळाली.

४. जात मनातून निघण्यास वेळ लागतो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याजवळ राहू लागल्या, तरी कित्येक दिवस सोवळे पाळून वेगळा स्वयंपाक करीत. विचार करता करता त्यांनी जातिभेद टाकला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. हे सर्व त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात मोकळेपणाने लिहिले आहे. येथे दोन गोष्टी शिकाव्या: दुर्बळ विश्वासणाऱ्यास धीराने वागवावे, आणि धीर धरणे म्हणजे भेद चालू देणे असे समजू नये.

५. आपणांस लागू. आज प्रभुभोजनास आपण एकत्र बसतो. पण लग्नाची बोलणी निघाली की पूर्वीची जात हळूच विचारली जाते. पंच निवडताना अमुक वस्तीचा, अमुक घराण्याचा, असे पाहिले जाते. करिंथ येथेही मंडळी जमे, पण एक भुकेला राही व दुसरा चैन करी (१ करिंथ. ११:२१). भाकर एक आणि मने दोन, असे भोजन प्रभूचे कसे म्हणावे? पूर्वजांनी रडत रडत जी भिंत पाडली, तिचे दगड आपण पुन्हा रचू नयेत.

विचारावयाचे प्रश्न :
(१) पेत्र कोणाच्या भयाने मागे सरला? आम्ही कोणाच्या भयाने सरतो?
(२) आपल्या गावातील पहिल्या ख्रिस्ती कुटुंबाने काय सोडले? वडीलधाऱ्यांस विचारून मंडळीत सांगावे.
(३) ज्या बांधवाच्या घरी आपण अद्याप जेवलो नाही असा कोण आहे? या आठवड्यात त्याच्या घरी जावे.

प्रभू आपणां सर्वांस एका पंगतीस बसवो. आमेन.