आरा लागायच्या आधी

ये, बस अशी माझ्याजवळ. काल फोनवर तू रडत होतीस म्हणून मी जास्त बोलले नाही. तू कामावर गेलीस आणि मागे वीजवाल्यांनी दारातल्या कडुनिंबाची विजेच्या तारेकडची सगळी बाजू सोलून काढली. परत आलीस तर ओसरीत ऊनच ऊन. नौतपा अजून लागायचाय आणि रायपूरचा पारा आत्ताच 44 वर. तुझं रडणं मला परकं नाही गं.

आमच्या गल्लीतला गुलमोहर असाच गेला. मी तेव्हा शिडीखाली उभी राहून त्या पोरांवर तोंडाला येईल ते ओरडले होते. ठेकेदाराची रोजंदारीवरची पोरं ती. "दीदी, ऊपर से बोले हैं, लाइन क्लियर करना है," एवढंच त्यांना ठाऊक. त्या दिवशी निघून गेली. दुसऱ्या दिवशी गल्ली जागी व्हायच्या आत आली आणि झाडाचं मुंडण करून गेली. मला आजही वाटतं, मी एकटीने भांडले नसते, आधी चार घरं फिरले असते, तर तो गुलमोहर उभा असता. म्हणून सांगते, आरा चालू झाल्यावर धावू नकोस. त्याच्या कितीतरी आधी जा, आणि एकटी जाऊ नकोस.

"झाडाला हातच लावू नका" असं मागायलाही जाऊ नकोस. वादळात ओली फांदी तारेवर पडली तर वीज जाते, कधी माणूसही जातं. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेच्या ओहायो राज्यात भाराने लोंबलेल्या तारा वाढलेल्या झाडांना टेकल्या. तिथून वाढत गेलेल्या बिघाडाने अमेरिका आणि कॅनडात मिळून 5 कोटी लोक अंधारात गेले. तुझ्या कोपऱ्यावरच्या काकीजी म्हणतात ना, झाड तोडूनच टाका? त्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन चालतं. वीज गेली की त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यांच्यावर रुसू नकोस, अर्जावर पहिली सही त्यांचीच घे. नीट छाटलेलं झाड त्यांनाही हवं आहे, फक्त असं झाड असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

आता नीट म्हणजे कसं, ते ऐक. हे तुला तोंडपाठ हवं, कारण ऑफिसात साहेब पहिला प्रश्न हाच विचारतील, मग तुम्हाला काय हवंय? फांदी खोडाला मिळते तिथे एक फुगीर वळं असतं, हात फिरवलास तर कळेल. काप त्या वळ्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. वळं कापायचं नाही, आणि हातभर खुंटही ठेवायचा नाही. जड फांदी असेल तर तीन काप. पहिला खोडापासून हात-दीड हात लांब, खालून, थोडासा. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. म्हणजे फांदी पडताना साल ओरबाडून नेत नाही. मग उरलेला खुंट वळ्याजवळ तिसऱ्या कापाने काढायचा. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून हे दाखवून दिलं. माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड त्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि नवं लाकूड बाहेरून वाढवतं. वळं तोडलंस तर ती भिंतच कच्ची राहते आणि सड आत उतरते.

आणि मुंडण केलं तर? उपाशी झाड घाईने काटक्यांसारखे सरळ कोंब फेकतं. ते सालीला वरवर चिकटलेले असतात, भराभर वाढतात आणि पुन्हा तारेत जातात. म्हणजे ठेकेदाराला पुन्हा बोलवा, पुन्हा पैसे द्या. त्याऐवजी तारेकडे जाणारी फांदी, तारेपासून दूर वळलेल्या उपफांदीपर्यंत मागे घेतली तर झाडाची वाढच दुसरीकडे वळते. साहेबांना झाडाच्या मायेपेक्षा हा हिशेब लवकर पटतो. मी पाहिलंय. एकाच बाजूने सोललेलं झाड दुसऱ्या बाजूला कलतं, हेही सांग. तुझ्या कडुनिंबाचा भार आता तुझ्या छपराकडे आहे. पावसाआधी जाणकार माणसाला दाखवून घे.

एक शपथ घे माझी. तारेजवळची फांदी तुम्ही कुणी स्वतः काढायची नाही. बांबूने नाही, शिडीने नाही, गच्चीवरून तर नाहीच. लाइन बंद करून, त्यांच्याच माणसांनी.

कायद्याचं थोडं. वीज कायदा 2003, कलम 68. तारेला अडथळा करणारं झाड काढायचं किंवा छाटायचं तर वीज देणाऱ्याने कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. झाडाचं काय करायचं ते तो अधिकारी ठरवतो. त्यामुळे "हे कुणाच्या आदेशाने, कागद दाखवता का?" हा उद्धटपणा नाही, तो तुझा साधा प्रश्न आहे. हळू आवाजात विचार. याच कलमात पुढे मला फार आवडणारी एक गोष्ट आहे: तार यायच्या आधीपासून झाड तिथे असेल, तर झाडाशी ज्याचा संबंध त्याला रास्त भरपाई द्यावी लागते. म्हणजे आधी कोण आलं, हे कायदाही विचारतो! काकीजींच्या लग्नाचे फोटो काढायला सांग. मांडव दारातच होता म्हणतात. मागे कडुनिंब दिसला आणि विजेचा खांब दिसला नाही, तर तो फोटो अर्जाला जोड.

दिल्लीत 2023 साली उच्च न्यायालयाने 15.7 सेंटिमीटर घेरापर्यंतच्या फांद्या परवानगीशिवाय छाटायची मुभा काढून घेतली. तो त्यांच्या कायद्याचा निकाल, इथे लागू होत नाही. पण अर्जात उल्लेख कर, वाचणारा जरा सावरून बसतो.

अर्ज दोन ठिकाणी दे, वीज ऑफिसात आणि नगर निगमच्या झोन ऑफिसात. पोचीची सही घेतल्याशिवाय उठायचं नाही. मागणं तीनच ठेव: छाटणीची तारीख आधी कळवा, त्या दिवशी गल्लीतले दोघे हजर राहतील, आणि उघड्या तारा बदलून एबी केबल टाका. या केबलमध्ये वीज वाहणाऱ्या तारांवर आवरण असतं, फांदी घासली तरी लगेच ठिणगी पडत नाही. ती मिळायला वेळ लागेल, पण मागितल्याशिवाय यादीत नाव येत नाही.

माणसं जमवायला सभा नको बोलावूस. सभेला पुरुष येतात, भाषण करतात आणि जातात. पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सह्यांची वही फिरव. आपल्या मराठी घरांपुरती नाही, साहू काकी, यादव भाभी, सगळ्यांकडे. आणि हरेलीला त्यांच्या दारी जा. आपल्याकडे आषाढ अमावस्येला दिवे पुजतात, त्याच दिवशी इथे दारोदारी कडुनिंबाची डहाळी खोचतात. त्या डहाळ्या तुझ्याच झाडाच्या असतात ना दरवर्षी? मग ते झाड एकट्या तुझं कुठे राहिलं?

थकलीस की एक आठवण ठेव. 2021 च्या ऑक्टोबरात हसदेवच्या जंगलातल्या गावांतली माणसं 300 किलोमीटर चालत याच रायपुरात आली. कोळसा खाणींसाठी ते जंगल जाणार होतं, आणि तो कोळसा विजेसाठीच. त्यांच्यामागे ग्रामसभांचे ठराव होते. त्यांचं दुःख कुठे आणि आपलं एक झाड कुठे, तुलना नको. पण हातात कागद आणि बाजूला माणसं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले.

रविवारी दुपारी येते मी. वही, टेप आणि मोबाइल तयार ठेव. गल्लीतलं प्रत्येक झाड मोजू, घेर लिहू, चारी बाजूंनी फोटो काढू. काकीजींकडे आधी जाऊ. जाताना हात हलवत नको, थोडा चिवडा घे.