चाल लोकांची, प्रमाण संतांचे



परभणी, जिंतूर, सेलू या भागांत सप्ताहाच्या निमित्ताने आमचे जाणे-येणे असते. हरिपाठ आटोपला की भजनी मंडळातली तरुण पोरे जवळ येऊन बसतात आणि एक प्रश्न हमखास विचारतात : "महाराज, सिनेमाच्या चालीवर अभंग म्हटला तर चालतो का?" जुने टाळकरी लगेच "छे, छे" म्हणतात, पोरांना ते पटत नाही. प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. म्हणून त्याचा येथे थोडा विस्ताराने विचार करू.

प्रथम हे पाहू की आपल्या संप्रदायाचे गाणे आले कोठून. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्या ग्रंथात असे सांगितले आहे की, महाराष्ट्रातील बाया कांडण करताना ओवी गातात. माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये. मधे सुमारे एकशे साठ वर्षे गेली. याचा अर्थ काय? उखळ-मुसळापाशी घाम गाळणाऱ्या बायांच्या तोंडी जे गाणे होते, त्याच ओवीचा ग्रंथछंद झाला आणि त्यात गीतेचा अर्थ भरला गेला. आपल्या संप्रदायाचा पहिला धडाच मुळी लोकांच्या गाण्याच्या मापाने मांडला गेला.

पुढे पैठणास नाथमहाराजांनी तेच केले. वासुदेव, जोशी, गोंधळी ही दारोदार फिरणारी माणसे. त्यांचे बोल आणि त्यांचा ठेका घेऊन नाथांनी भारुडे रचली. ज्याला शास्त्र कळत नव्हते त्यालाही वासुदेवाची टोपी ओळखीची होती. सोंग ओळखीचे, म्हणून आतला वेदान्त परका वाटला नाही.

पैठणाहून हीच गोदामाई खाली येते ती आपल्या गंगाखेडास. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव, असे परंपरा सांगते. लहानपणी त्या पंढरीस गेल्या, दामाशेटींच्या घरी वाढल्या, आणि दळता-कांडता त्यांची वाणी प्रकट झाली. त्यांच्यामागे आमच्या मुलखातील बायांनी जात्यावर ओव्या रचल्या आणि त्यांत जनीला आपली सखी मानले. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता; सरकारदरबारी आणि शाळेत उर्दूचा वरचष्मा. अशा काळात घराघरांत मराठी आणि विठ्ठल दोन्ही टिकले, त्यात जात्याचा वाटा फार मोठा आहे.

आता सिनेमाकडे येऊ. १९३६ साली प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' निघाला. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या वेषात, संगीत केशवराव भोळ्यांचे. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातले 'आधी बीज एकले' हे पद कोणाचे? दहाजणांना विचारा, बहुतेक म्हणतील तुकोबांचे. अहो, ते शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी रचले! रचना इतकी साधली की अनेकांना ती गाथेतलीच वाटली. तीच गोष्ट 'इंद्रायणी काठी' या पदाची. ते ग. दि. माडगूळकरांचे; १९५३ च्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटात पु. ल. देशपांड्यांनी चाल लावली आणि पंडित भीमसेन जोशी गायले. त्यालाही लोक संतवाणीच समजतात. आणि २०१४ च्या 'लय भारी' चित्रपटातले अजय-अतुल यांचे माउलींचे गाणे तर आजच्या पोरांना तोंडपाठ आहे.

यात वाईट काय? गाणी वाईट नाहीत. आठवले, माडगूळकर ही वाणीची माणसे. त्यांना नमस्कारच केला पाहिजे. या गाण्यांनी पांडुरंगाचे नाव अशा घरांत नेले, जिथे आमचे कीर्तन पोहोचत नव्हते. अडचण वेगळी आहे. कीर्तनात आपण अभंग म्हणतो तो प्रमाण म्हणून. श्रोता मान डोलावतो, कारण हे वचन अनुभव घेतलेल्या पुरुषाचे आहे असा त्याचा भरवसा असतो. त्या जागी दुसऱ्याचे पद ठेवले आणि वर तुकोबांचे नाव सांगितले, तर भरवशाचा भंग झाला. आज एक पद असे शिरले, उद्या दहा शिरतील. मग आपल्या नातवांना गाथेतले काय आणि पडद्यावरले काय हे कोण सांगणार? म्हणून आमचे सांगणे असे : असे पद गायनाला चालेल, प्रमाणाला चालणार नाही. गाताना कवीचे नाव खुशाल सांगावे. त्यात कमीपणा नाही.

शब्दांचे असे झाले. चालीचे काय? चाल घेण्यास हरकत नाही, मात्र तिच्या तीन परीक्षा घ्याव्यात.

पहिली परीक्षा छंदाची. मोठ्या अभंगाचे माप सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे, लहानाचे आठ-आठ. चाल बसवताना "अहो", "हो", "रे" असली ठिगळे वारंवार लावावी लागली, किंवा शब्द मधेच तुटला, तर ती चाल त्या अभंगाची नव्हे हे समजावे.

दुसरी परीक्षा दिंडीची. सिनेमाचे गाणे एका तयार गळ्यासाठी बांधलेले असते, आणि त्याला दम घ्यायला मधे वाद्यांचा मेळ असतो. दिंडीत पुढचा चरण सांगतो, मागच्या रांगा तो उचलतात. पाय चालत असतात, हाती टाळ असतो. शेगावची पालखी परभणी-गंगाखेडच्या वाटेने जाते तेव्हा उभे राहून ऐका. सूर थोडे, ठेका स्पष्ट, श्वासाला जागा. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यालाही जी उचलता येते, ती चाल खरी.

तिसरी परीक्षा स्मरणाची. न्यायशास्त्र सांगते की सारखी वस्तू समोर आली की मनातला जुना संस्कार जागा होतो. चालीचेही तसेच. चाल सुरू होताच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे नट-नटी उभे राहत असतील, तर तोंडात विठ्ठल आणि मनात भलतेच, अशी गत होते. नामस्मरणाला बसलेल्या माणसाला दुसऱ्याचे स्मरण आपणच का करून द्यावे?

या तिन्ही परीक्षांत जी चाल उतरेल ती आनंदाने घ्या. वासुदेवाची घेतली, मग हिला नाही का म्हणावे?

शेवटी एक मागणे. गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याबरोबर जात्यावरच्या ओव्याही मुक्या होत चालल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. केवढे हे धन! पण आपल्या गावची आजी त्यांना भेटली असेलच असे नाही. तेव्हा प्रत्येक भजनी मंडळाने येत्या चातुर्मासात गावातल्या वृद्ध मायमाउल्यांजवळ बसावे, ओव्या उतरवून घ्याव्यात, चालीही ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि ज्या बाईने सांगितली तिचे नाव शेजारी लिहावे. नवी चाल शोधायला मग फार लांब जावे लागणार नाही. आपल्याच ओसरीवर ती बसलेली आहे.

॥ पुंडलिक वरदे हरि विठ्ठल ॥