खांदा व मान यांच्या दुखापतीनंतर पुन्हा सायकलीवर

सायकल हे आपल्या देशातील सामान्य माणसाचे वाहन आहे. २०११ च्या जनगणनेत भारतातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल असल्याची नोंद झाली. घरोघर दूध पोचविणारे गवळी, टपाल वाटणारे पोस्टमन, पाळीवर जाणारे कामगार, शाळेत जाणारी मुले यांपैकी कितीतरी जणांचा दिवस सायकलीवाचून सुरूच होत नाही. बिहार राज्यात २००६ सालापासून माध्यमिक शाळेतील मुलींसाठी शासनाने सायकलींची योजना चालू केली, ती घर आणि शाळा यांमधील अंतर तोडण्यासाठीच. अशा माणसाचा पडून खांदा मोडला किंवा मान दुखावली, तर केवळ एक अवयव जायबंदी होतो असे नाही. त्याची मजुरी बुडते, तिची शाळा बुडते. म्हणून पुन्हा सायकलीवर बसण्याची घाई होणे स्वाभाविक आहे. ही घाई कोठे आवरावी, आणि उलट भीतीपोटी अंग आखडून बसणेही का अपायकारक ठरते, याचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे.

१. खांद्याची रचना

आपला हात धडाला कशाने जोडलेला आहे? गळ्याखाली दोन्ही बाजूंना जे आडवे, किंचित वळणदार हाड बोटांना लागते, त्यास हासळीचे हाड किंवा शास्त्रीय भाषेत जत्रुक असे म्हणतात. हात आणि धड यांना जोडणारा हाडाचा दुवा एवढाच आहे. बाकी सर्व बांधणी स्नायूंची व अस्थिबंधांची. पडताना आपण नकळत हात पुढे टेकतो, अथवा खांदाच जमिनीवर आदळतो. दोन्ही प्रसंगी आघात या हाडातून धडाकडे जातो, आणि ते बहुधा मधल्या भागात मोडते.

खुद्द खांद्याचा सांधाही नाजूकच म्हटला पाहिजे. दंडाच्या हाडाचा गोल माथा खवाट्याच्या हाडातील एका उथळ खोबणीत बसतो. ही खोबण इतकी लहान असते, की कोणत्याही क्षणी गोलाचा सुमारे तिसरा हिस्साच तिला टेकलेला असतो. या उथळपणामुळेच हात सर्व दिशांना फिरतो. परंतु त्याचे मोल म्हणून सांध्याची स्थिरता चार लहान स्नायूंवर व त्यांच्या कंडरांवर अवलंबून राहते. हाड सांधले तरी हे चार स्नायू दुबळे असतील, तर खांदा बरा झाला असे म्हणता येत नाही.

२. मानेची रचना

मानेत सात मणके असतात. त्यांवर सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे मस्तक तोललेले असते. मान उजवीडावीकडे वळविताना होणाऱ्या हालचालीपैकी जवळजवळ निम्मी हालचाल सर्वांत वरच्या दोन मणक्यांमध्येच घडते. मणक्यांच्या मधून मेरुरज्जू खाली जातो, आणि मानेच्या खालच्या भागातून निघणारे मज्जातंतू खांदा, दंड व बोटे यांच्याकडे जातात. म्हणूनच मानेतील इजा कित्येकदा मानेत न जाणवता बोटांना मुंग्या येण्याच्या रूपाने प्रकट होते.

३. सायकलीवरील भार

पायडल पाय मारतात, मग हाताला किंवा मानेला काय श्रम, असे वाटणे शक्य आहे. यासाठी निरोगी वाचकाने एक लहानसा प्रयोग करून पाहावा. पाच किलो तांदळाची पिशवी प्रथम छातीशी धरावी. नंतर तीच हात लांब करून धरावी. वजन तेच राहते, पण थोड्याच वेळात हात थरथरू लागतो. भार जितका आधारापासून दूर, तितके अधिक बळ स्नायूंना लावावे लागते. ताठ बसलेल्या माणसाचे मस्तक मणक्यांच्या माथ्यावर असते; हँडलावर ओणवा झालेल्या माणसाचे मस्तक पुढे लोंबते आणि मानेच्या पाठीमागील स्नायूंना ते सतत ओढून धरावे लागते. शिवाय पुढचा रस्ता दिसावा म्हणून तो मान मागे मोडतो. या स्थितीत मज्जातंतू ज्या छिद्रांतून बाहेर पडतात ती छिद्रे अधिक अरुंद होतात. दुखावलेल्या मानेला हा दाब सोसत नाही.

हातांचेही तसेच आहे. धड जितके पुढे झुकेल, तितका शरीराचा अधिक भार तळव्यांवर आणि तेथून खांद्यावर येतो. त्यात खड्ड्याचा हिसका मिसळतो. हातांना आणखी तीन कामे असतात: दिशा धरणे, ब्रेक दाबणे आणि वळण्यापूर्वी इशारा करणे. हा इशारा करताना क्षणभर साऱ्या सायकलीचा ताबा एकाच हाताकडे असतो, हे विसरता कामा नये.

४. हाड कसे सांधते

हाड मोडताच तेथे रक्त साकळते. पुढील दोनतीन आठवड्यांत दोन टोकांमध्ये मऊ, कूर्चेसारखे ऊतक तयार होते. या सुमारास वेदना पुष्कळ कमी होते, आणि नेमका येथेच रोगी फसतो. ते ऊतक अजून भार सोसण्याजोगे नसते. त्यात हळूहळू कॅल्शियमचे क्षार साठून ते कठीण होते. प्रौढ माणसाचे हासळीचे हाड सांधण्यास साधारणतः ६ ते १२ आठवडे लागतात. लहान मुलांचे याहून लवकर सांधते. त्यानंतरही हाडाची घडण कित्येक महिने चालू राहते. जर्मन शल्यवैद्य यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली असे प्रतिपादन केले, की हाडाची घडण त्यावर पडणाऱ्या भारानुसार बदलते. म्हणजे अकाली भार घातक आहे, त्याचप्रमाणे भाराचा कायमचा अभावही हितकर नाही. हात महिनोन्महिने झोळीत ठेवल्यास स्नायू रोडावतात आणि सांध्याभोवतीचे वेष्टन आखडून खांदा जखडतो. मधुमेही माणसांत हा धोका विशेष असतो. मानेच्या साध्या मुरगळण्यातही दीर्घकाळ पट्टा बांधून ठेवण्यापेक्षा वैद्याच्या सल्ल्याने लवकर हळुवार हालचाल सुरू करणे श्रेयस्कर मानले जाते. मणका मोडला असल्यास मात्र हा नियम लागू नाही.

५. एका शर्यतीचा धडा

१९५६ सालच्या इटलीच्या राष्ट्रीय सायकल परिक्रमेत फिओरेन्झो मान्यी हा ३५ वर्षांचा स्वार बाराव्या टप्प्यात पडला आणि त्याचे डावे हासळीचे हाड मोडले. त्याने प्लास्टर नाकारले व लवचिक पट्टी बांधून शर्यत चालू ठेवली. डाव्या हाताने हँडल ओढता येईना, तेव्हा हँडलास सायकलीच्या ट्यूबचा तुकडा बांधून तो त्याने दातांत धरला आणि चढ चढला. पुढे सोळाव्या टप्प्यात तो पुन्हा कोसळला, कारण जखमी हातात सायकल ताब्यात ठेवण्याइतके बळ नव्हते. या वेळी दंडाचे हाडही मोडले. तरीही त्याने शर्यत पुरी केली आणि दुसरा क्रमांक मिळविला.

या माणसाच्या धैर्याविषयी कोणासही आदर वाटेल. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने या कथेचा अर्थ निराळा आहे. निश्चयाने वेदना सोसता येते, निश्चयाने हाडात बळ येत नाही. जो हात तोल सावरू शकत नाही, तोच माणसाला दुसऱ्यांदा पाडतो. मान्यीच्या मागे साहाय्यकांची गाडी होती. आपल्या रस्त्यावर मागून मालमोटार येत असते.

६. परतीच्या पायऱ्या

पुढील क्रम वैद्याच्या किंवा भौतिकोपचार-तज्ज्ञाच्या संमतीने आचरावयाचा आहे. शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याचा व मणका मोडलेल्या रोग्याचा क्रम त्याचा शल्यवैद्यच ठरवील.

पहिली पायरी: हात झोळीत असताना बोटे, मनगट व कोपर यांची परवानगी असेल तेवढी हालचाल करावी आणि रोज चालावे.

दुसरी पायरी: खांदा स्वतःच्या बळाने हलू लागल्यावर जागेवर फिरणाऱ्या व्यायामाच्या सायकलीवर ताठ बसून केवळ पाय चालवावेत. हातांवर भार घेऊ नये.

तिसरी पायरी: हाड सांधल्याची खात्री क्ष-किरण चित्राने झाल्यावर हातांना भाराची सवय लावावी. प्रथम उभे राहून भिंत रेटावी, मग मेजाच्या कडेवर हात टेकून अंगाचा थोडा भार द्यावा. सायकल हाती धरून चालण्याचा सरावही या वेळी उपयोगी पडतो.

चौथी पायरी: मोकळ्या, सपाट मैदानावर ओझ्याशिवाय दहा मिनिटे सायकल चालवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले नसेल, तरच वेळ थोडा वाढवावा. वाढले असेल, तर एक पायरी खाली यावे.

पाचवी पायरी: रहदारीच्या रस्त्यावर जाण्यापूर्वी पाच गोष्टी वेदनेशिवाय साधतात काय, हे पाहावे. दोन्ही हात डोक्यावर नेता येतात काय? दोन्ही ब्रेक जोराने दाबता येतात काय? हँडल न वाकविता मान वळवून मागील वाहन पाहता येते काय? प्रत्येक हात आळीपाळीने सोडून इशारा करता येतो काय? खड्डा येताच पायडलांवर उभे राहून हिसका गुडघ्यांवर घेता येतो काय? यांतील एकही उत्तर नकारार्थी असेल, तर रस्ता अजून दूर आहे असे समजावे.

ओझ्याचा क्रम सर्वांत शेवटचा. हँडलाला लटकविलेली पिशवी किंवा दुधाचा कॅन प्रत्येक वळणाला खांद्यास ओढ देतो. ओझे न्यावेच लागले, तर ते मागील कॅरिअरवर, दोन्ही बाजूंस सारखे आणि थोडे असावे.

७. सायकलीत करावयाचे फेरफार

हँडल थोडे उंच व शरीराच्या जवळ आणल्यास धड ताठ राहते. मग मान मागे मोडावी लागत नाही. मात्र हँडलाच्या दांड्यावर कमाल उंचीची खूण असते, तिच्या वर ते खेचू नये. सीटचे नाक खाली झुकलेले असल्यास अंग पुढे घसरते व तळव्यांवर भार येतो. म्हणून सीट सपाट ठेवावी. टायरमध्ये अवाजवी हवा भरू नये. १८८८ साली बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर बनविला, तो हिसके कमी व्हावेत म्हणूनच; दगडासारखा टणक फुगविलेला टायर तो लाभ गमावून बसतो. शिरस्त्राण अवश्य घालावे, परंतु ते डोक्याचे रक्षण करते, हासळीचे नव्हे, हे ध्यानात असावे.

८. धोक्याच्या खुणा

हातात वाढत जाणारा बधिरपणा, मुठीचे बळ कमी होणे, चालताना पाय अडखळणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे, अथवा मोडलेल्या जागी पुन्हा खटका जाणवणे, यांपैकी काहीही आढळल्यास सायकल तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. अशा वेळी मान चोळून किंवा मोडून घेणे अत्यंत धोक्याचे असते.

दुखणे थांबले म्हणजे शरीर बरे झाले असे नव्हे, आणि शरीर बरे होईपर्यंत अंथरुणावर पडून राहावे असेही नव्हे. या दोहोंमधली वाट पायरीपायरीने चढावयाची असते. ज्याचे पोट सायकलीवर आहे त्याला हे आठवडे जड जातात, यात संशय नाही. अशा वेळी काम देणाऱ्याने त्याला बसून करावयाचे काम दिले, शाळासोबत्याने आपल्या मागे बसवून न नेता त्याच्याबरोबर पायी चालण्याचे मनावर घेतले, तर ती मदत औषधाइतकीच मोलाची ठरते. दुसऱ्या पडण्यात जे महिने जातात, त्यांच्या मानाने हे आठवडे थोडेच आहेत.