शिंपी निकोला आणि त्याची चित्रे

दर्जी म्हणजे शिंपी. हा शब्द मूळचा फारसी. तो जसा आपल्याकडे आला तसा तुर्कस्तानातही गेला. तिथे त्याचा झाला 'तेर्झी'. तुर्कांबरोबर तो युरोपात पोचला आणि सर्ब लोकांच्या तोंडी 'तेर्झिया' झाला. त्या लोकांतल्या एका शिंप्याची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. त्याचे नाव निकोला आर्सेनोविच.

निकोला १८२३ साली जन्मला. त्या काळी सर्ब, क्रोट वगैरे लोक एका राज्यात नव्हते. काही तुर्की सुलतानाच्या अमलाखाली, काही ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या. भाषा मिळतीजुळती, धर्म वेगवेगळे. आणि पोशाख? तो तर मुलुखागणिक बदले. माणूस कुठला, हे अंगावरच्या कपड्यावरून कळे. बाई लग्नाची आहे की कुमारिका, हेही पुष्कळ ठिकाणी डोक्यावरच्या टोपीवरून नाहीतर रुमालावरून ओळखू येई.

हे कपडे बहुतेक घरचेच. घरच्या मेंढ्यांची लोकर, घरचा माग. बायका जाड लोकरी कापडाचा 'झुबून' घालीत. झुबून म्हणजे बिनबाह्यांचा, पुढून उघडा, लांब कोट. त्यावर रंगीत लोकरीचे भरतकाम असे. कमरेला विणलेला आडवा-उभा पट्ट्यांचा पुढा, पायांत चामड्याच्या वहाणा. शिंप्यांचेही प्रकार होते. जाडेभरडे कापड शिवणारा वेगळा. तेर्झिया मात्र श्रीमंतांचा शिंपी. तो मखमलीवर सोन्याची जर भरी.

मग हळूहळू गिरणीचे कापड आले. शहरी कोट-पाटलोण आली. १८५६ साली इंग्लंडात रसायनापासून जांभळा रंग तयार झाला, आणि पुढे असे रंग स्वस्त होऊन बाजारात आले. झाडांची मुळे उकळून लाल रंग काढण्याचा खटाटोप मग कोण करील? आम्ही लोकांना बोल लावीत नाही. रात्र रात्र सूत काढणाऱ्या बाईला तयार कापड मिळाले, तर ती घेणारच. पण जुना कपडा विरला की विरला. तो कसा होता, हे सांगायला काही उरत नाही.

निकोलाने हे जाणले. तो दक्षिण स्लाव लोकांच्या मुलुखांत हिंडला आणि पोशाखांची रंगीत चित्रे काढीत गेला. तेव्हा फोटो निघत, नाही असे नाही; पण ते काळे-पांढरे. झुबूनावरचा लाल कोणता आणि निळा कोणता, हे फोटोत कसे कळावे?

आणि एक गोष्ट. चित्रकार आधी चेहरा पाहतो. शिंपी आधी शिवण पाहतो, बरं का! बाही कुठे जोडली, कळी कुठे घातली, काठ कसा दुमडला, हे त्याला एका नजरेत दिसते. म्हणून शिंप्याने काढलेल्या चित्राचे मोल आम्हांला जास्त वाटते.

सर्बियाची राजधानी बेलग्रेड. तिथे १९०१ साली लोकजीवनाचे संग्रहालय निघाले. निकोला तोवर वारला होता. त्याची चित्रे त्या संग्रहालयात जपून ठेवली आहेत. पुढे १९१८ साली हे सगळे मुलूख एका राज्यात आले, आणि १९९१ पासून ते राज्य फुटले. आता मध्ये सरहद्दी आहेत, चौक्या आहेत. निकोलाच्या चित्रांत मात्र ते सारे पोशाख अजून एकमेकांशेजारी उभे आहेत.